नवसाचा परकर

स्त्री आणि पुरुष हा भेद सृष्टीच्या आरंभापासून आहे, तो निसर्गानं केला आहे आणि माणसानं त्यात ढवळाढवळ करू नये, असं आयुष्यभराच्या शिवणकामानंतर माझं ठाम मत झालं आहे. निसर्गाला या कामात थोडी मदत लागते, इतकंच. हिंगोलीत आणि आसपासच्या खेड्यांत ती मदत बरीच वर्षं मी करत होतो.

मूल जन्मतं तेव्हा त्याच्या अंगावर काही नसतं. पुढं तीन-चार वर्षं टोपडं आणि झबलं यांवर भागतं, आणि ही दोन्ही मुलगा-मुलगी पाहत नाहीत. मग एक दिवस आई त्याला माझ्यापुढं उभं करते आणि म्हणते, "मामा, याला चड्डी," किंवा "मामा, हिला परकर." त्या दिवसापासून ते मूल पाऊल किती लांब टाकणार, मांडी घालून बसणार की पाय दुमडून, चिंचेवर चढणार की खाली उभं राहून चिंचा मागणार, हे माझी कातर ठरवत असे. लोक मात्र त्याचं श्रेय रक्ताला द्यायचे. मी कधी तक्रार केली नाही. शिंप्याचं नाव कुणी कपड्यावर वाचत नाही, तर मुलांवर कोण वाचणार?

खिशाचंच घ्या. मुलीच्या कपड्याला खिसा लावायचा नाही, हा आमच्या धंद्यातला नियम. एका बाईनं लेकीच्या पोलक्याला खिसा लावायला सांगितला, तेव्हा दुकानात बसलेल्या एका गृहस्थांनी मला समजावलं, "बाईमाणसाला निसर्गतःच खिशाची गरज नसते." मी म्हटलं, "साहेब, निसर्गानं खिसा तुम्हालाही दिलेला नाही. तुमचे दोन मी परवा लावले." ते गृहस्थ पुन्हा दुकानात बसायला आले नाहीत. जागा मोकळी झाली.

किंवा सुईचं घ्या. गोधडी शिवायची, काचोळी सांधायची, तोपर्यंत सुई हा बायकांचा उपजत गुण. तीच सुई यंत्रात बसली, बाजारात आली आणि तिच्यावर घर चालायला लागलं, की तो पुरुषाचा उपजत गुण. माझ्या आईच्या हातची टीप माझ्या यंत्रापेक्षा सरळ होती. पण तिला शिंपी कुणी म्हटलं नाही. मला पाय हलवता येतात एवढ्यावर म्हटलं.

तेव्हा आमच्याकडं निजामाचं राज्य. कचेरीतले लोक शेरवानी शिवायला यायचे. एक पेशकार होते. धोतर-सदऱ्यात दुकानात येताना पायरीला विचारून पाय ठेवत. शेरवानीच्या गुंड्या गळ्यापर्यंत लागल्या की तोच माणूस मला "ए दर्जी" म्हणे. पुढं राज्य बदललं आणि शेरवान्यांचे कोट करायला रांग लागली. पेशकारही आले. कॉलर उलटवून दिली, खालचा घेर कापला, तसे ते पुन्हा पायरीला विचारायला लागले. माणूस कापडाच्या आत असतो असं म्हणतात. मी आत पुष्कळदा पाहिलं आहे. तिथं बहुधा अस्तर असतं.

हे सगळं मी इतक्या खात्रीनं बोलतो, त्याचं कारण हैबतराव पाटलांची दगडी. निसर्ग आणि संस्कार यांचा सामना माझ्या डोळ्यांदेखत झाला, आणि त्याला लागणारं सगळं कापड मी बेतलं होतं.

साखऱ्याच्या अलीकडच्या एका गावाचे हे पाटील. मोठे खातेदार, मिशीला रोज तूप. पाटलीणबाईंचं नाव गयाबाई. मुलगी एकच, कावेरी. तिच्या आधीचे तीन मुलगे पाळण्यातच गेले. त्या घराच्या ओसरीवर मी लग्नसराईत यंत्र घेऊन मुक्कामाला असायचो, म्हणून सांगतो, गयाबाई दिवसा कधी रडताना दिसल्या नाहीत, पण रिकामा पाळणा मात्र त्यांनी कुणाला उतरवू दिला नाही. मग चौथा मुलगा झाला तेव्हा त्यांनी औंढ्याच्या नागनाथाला नवस बोलला. लेकरू सात वर्षांचं होईपर्यंत त्याला मुलगी म्हणून वाढवीन. नाव ठेवीन दगडी. नाकात मोरणी, अंगात परकर, डोक्यावर केस. दृष्ट लावणाऱ्याला वाटावं, पोरगीच आहे, जाऊ दे. सातव्या वर्षी शिवरात्रीला देवळापुढं जावळ काढीन, मुलाचे कपडे घालीन आणि अंगावरचा शेवटचा परकर देवळामागच्या झाडाला बांधीन. बांधलेली गाठ पुन्हा सोडायची नाही.

असे नवस आमच्या भागात नवे नव्हते. पण गयाबाईंची कडक अट होती की जावळ होईपर्यंत दगडीच्या बाबतीत "पोरगा" हा शब्द कुणी तोंडातून काढायचा नाही. गावानं ती पाळली. गडी, कोतवाल, दुकानदार, सगळे "ती दगडी आली, ती दगडी गेली" म्हणत. मीही इथं जावळापर्यंत तिला "ती"च म्हणणार आहे. नवस जुना झाला, पण उगाच जोखीम कशाला घ्या.

तर ही दगडी सात वर्षांची होईतो अशी मुलगी झाली होती की पाहत राहावं. ओसरीवर पाय दुमडून बसे. भुलाबाईची गाणी तिला आजूबाजूच्या सगळ्या पोरींपेक्षा जास्त पाठ. भाकरी थापायला बसली की चंद्रासारखी गोल. पाहुणे आले की आईच्या पदराआड. तिच्याहून दीड-दोन वर्षांनी मोठी कावेरी, तिला मात्र कुणी काही केलं नव्हतं. ती साधी मुलगीच होती, फक्त तिच्याकडं लक्ष द्यायला घरात कुणाला सवड नव्हती. सगळ्यांचे डोळे दगडीवर. त्यामुळं कावेरी वासरामागं धावे, विहिरीच्या काठावरून चाले, गोठ्याच्या आढ्याला लोंबकळे. माझ्या यंत्राचं चाक कसं फिरतं हे विचारणारं त्या घरातलं एकमेव माणूस तीच.

पाटलांना दगडीची काळजी नव्हती. मिशीवरून हात फिरवत म्हणायचे, "मामा, काई फिकर न्हाई. पाटलाचं रगत हाय. एकडाव अंगात कोट चढू द्या, बगा कसं जागं व्हतंय."

"आन न्हाई झालं तर?" मी विचारलं.

"न्हाई कसं व्हईल? वाघाच्या पिलाला डरकाळी शिकवावी लागती का?"

आतून गयाबाईंचा आवाज आला, "वाघीण शिकवीत आसंल. वाघ कवा घरी ऱ्हातो?"

त्या शिवरात्रीसाठी मी दोन प्रकारचं काम केलं. एक, दगडीसाठी काळा बनातीचा कोट, चड्डी आणि जरीची टोपी. कोट वाढत्या अंगाचा, म्हणजे सात वर्षांच्या मुलाला नऊ वर्षांचं होईतो पुरेल असा. दोन, जत्रेला जायचं म्हणून दोघींना एकाच ताग्यातले लाल ठिपक्यांचे परकर. कावेरीचा मी आदल्या वर्षीच शिवला होता, दगडीचा उरलेल्या तुकड्यातून आता शिवला.

परकराचं थोडं सांगायला हवं. मुलीचा परकर अंगापेक्षा पुष्कळ लांब बेततात. खाली आडवी दुमड घालून वर टीप मारतात. मुलगी वाढली की टीप उसवायची, परकर खाली येतो. पण दुमडीच्या आतलं कापड विटलेलं नसतं, त्यामुळं उसवल्या जागी गडद रंगाचा पट्टा आणि सुईच्या भोकांची रेघ राहते. ती कितीही धुतली तरी जात नाही. कावेरीच्या परकराची दुमड मी उसवून दिली, पट्टा उमटला. दगडीच्या परकराची दुमड तशीच होती. या गोष्टीला पुढं एवढं महत्त्व येईल हे मला माहीत असतं, तर मी दोन वेगळे रंग घेतले असते.

औंढ्याला बैलगाड्या निघाल्या. पाटील घोड्यावर. जावळ झाल्यावर त्याच घोड्यावर बसवून मुलाची मिरवणूक काढायची होती. ऐन वेळी कोटाला काही कमीजास्त झालं तर असावा म्हणून मलाही सुईदोऱ्यासह घेतलं. देवळाजवळच्या लिंबाखाली गाड्या सोडल्या. न्हाव्यानं वाटीत पाणी घेतलं, वस्तरा पाजळला. गुरवानं सांगितलं, ऊन डोक्यावर यायच्या आत झालं पाहिजे.

त्या जत्रेत एक विद्वान प्रवचनाला आले होते. त्यांचं नाव मी लिहीत नाही. पदवी विद्यालंकार. तीच पुरे आहे. एका अंगावर दोन शाली पांघरलेला माणूस मी तिथं पहिल्यांदा पाहिला. पाटलांनी त्यांना आशीर्वादाला बोलावलं होतं. ते आले, घोंगडीवर बसले, आणि बसल्या बसल्या प्रकृतिधर्मावर बोलायला लागले. पुरुषात शौर्य, स्त्रीत लज्जा, बी आणि वृक्ष, असं चाललं होतं. वेळ चांगला जात होता.

एवढ्यात गाडीच्या तट्ट्यामागून बातमी आली की दगडी कोट घालायला तयार नाही.

पाटील तट्ट्यामागं गेले. मीही गेलो. दगडी परकराची दोन्ही टोकं मुठीत धरून बसली होती.

"काहून गं? काहून न्हाई घालत?" पाटील म्हणाले.

"मला पोरगं व्हयाचं न्हाई."

गयाबाईंनी तिच्या तोंडावर हात ठेवला. तो शब्द अजून उच्चारायचा नव्हता, आणि उच्चारला तोही खुद्द दगडीनं.

"आसं म्हणू न्हाई बाई. कोट बघ, मामानं किती चांगला शिवला."

"कोट घातला की शाळेत घालतेत," दगडी म्हणाली. "मास्तर छडीनं मारतो. परकरवाल्याला मारत न्हाई. म्या खिडकीतून बघलंय."

यात खोटं काही नव्हतं. गावच्या शाळेत एक मास्तर, एक छडी आणि चार वर्ग होते. मुली त्या शाळेत जातच नव्हत्या, त्यामुळं त्यांना मार बसत नव्हता. सात वर्षांच्या लेकरानं दोन्ही बाजू तोलून पाहिल्या होत्या आणि जिकडं मार कमी ती बाजू निवडली होती. रक्ताला विचारायची तिला गरज वाटली नाही.

पाटलांनी घोडा दाखवला. पेढ्यांची टोपली दाखवली. मिशी दाखवली. शेवटी आवाज चढवला, तशी दगडी भोकांड पसरून आईच्या पदरात शिरली. पलीकडं गुरव हाका मारत होता. "वेळ टळली तर?" गयाबाई मला विचारत होत्या, जणू ते मला माहीत असावं. "भाऊ, सात वर्सं सांभाळलं हो. आन आता दारात आणून..."

थट्टेचा विषय आहे म्हणून लिहितो आहे, पण त्या वेळी तिथं कुणी हसत नव्हतं.

तेवढ्यात कावेरी म्हणाली, "त्यात काय हाय? बघ, म्या घालून दावते. चावत न्हाई कोट."

आणि कुणी काही म्हणायच्या आत तिनं परकर टाकला, चड्डी चढवली, कोट घातला, टोपी ठेवली. कोट वाढत्या अंगाचा होता, हे मी सांगितलंच. तिला तो असा बसला की माझी मान ताठ झाली. तिनं दोन्ही हात खिशात घातले, खांदे मागं टाकले आणि तट्ट्यामागून बाहेर, भर उन्हात, थेट घोड्याकडं निघाली.

विद्यालंकारांनी तिला पाहिलं.

"थांबा!" ते म्हणाले. सगळे थांबले. "पाहा. हेच मी सांगत होतो. ही चाल पाहा. ही मान पाहा. आत्ताच या बालकाच्या अंगी पुरुषवेष आला आणि पाहा, कुळाचं तेज कसं उसळून आलं! हे कुणी शिकवलं? कुणीही नाही. हे बीजातच असतं."

शे-दीडशे माणसं उभी होती, त्यातली निम्मी पाटलांच्या गावची. प्रत्येकाला माहीत होतं की ती कावेरी आहे. पण तसं सांगायचं तर "ही पोरगी, पोरगा तो तिकडं" असं म्हणावं लागलं असतं, आणि तो शब्द जावळाआधी तोंडातून काढायचा नव्हता. तेव्हा कुणीच बोलेना. न्हावी वस्तरा धरून खोकायला लागला. कोतवालानं पागोट्याचं टोक तोंडात कोंबलं. पाटलांची मिशी थरथरत होती. रागानं की कशानं, मला सांगता येणार नाही.

विद्यालंकारांना ती शांतता भक्तिभावाची वाटली. त्यांनी तट्ट्यामागून डोकावणाऱ्या दगडीकडं बोट केलं. डोळे रडून लाल, पदर तोंडात. "आणि ही भगिनी पाहा. स्त्रीसुलभ लज्जा! भावाचा उत्कर्ष पाहून आनंदाश्रू! हेही कुणी शिकवलं नाही."

तोवर कावेरी घोड्यावर चढली होती. कुणी चढवली नाही, रिकिबीत पाय टाकून स्वतः चढली. कुणीतरी सवयीनं पेढा तिच्या तोंडात घातला. वाजंत्रीवाले बाहेरगावचे, त्यांना नवसाची काही कल्पना नव्हती. कोट घातलेलं लेकरू घोड्यावर बसलं म्हटल्यावर त्यांनी वाजवायला सुरुवात केली.

तेव्हा भगिनीच्या आनंदाश्रूंचा बांध फुटला. "माजं घोडं!" दगडी किंचाळली. "माजं हाय ते! उतर! माजा पेढा!" आणि ती तट्ट्यामागून सुटली. परकर पायात आला, तसा तिनं तो तट्ट्याशीच सोडला आणि जन्माला आली तशी घोड्याकडं धावली.

विद्यालंकारांनी वरची शाल सारखी केली आणि म्हणाले, "मी तत्त्वाविषयी बोलत होतो. व्यक्तीविषयी नव्हे."

पुढं सगळं धांदलीत झालं. न्हाव्यानं दगडीला पकडून तिथंच बसवलं. वस्तरा फिरत असताना ती, म्हणजे आता तो, एकच विचारत होता: "घोडं देता ना? कोट नगं, घोडं द्या." तट्ट्यामागं कावेरीच्या अंगातला कोट उतरवायचा होता. ते काम माझ्याकडं आलं.

"काढ पोरी," मी म्हटलं.

तिनं खिशातून हात काढले नाहीत. "मामा, थोडा येळ ऱ्हाऊ द्या की. त्याची चकोटी व्हईतो."

"उशीर होतोय."

तिनं काढून दिला. माझ्या हातून उतरवलेल्या कोटांत तेवढाच एक मला आठवतो.

दगडीचा आता दगडू झाला होता. त्याला कोट घातला. खांद्यातून ढगळ झाला, पण घोडा मिळाल्यामुळं त्यानं तक्रार केली नाही. पाटलांनी तट्ट्यामागं हात करून "परकर दे गं" म्हटलं, कावेरीनं आतून एक लाल ठिपक्यांचा परकर दिला, पाटलांनी तो देवळामागच्या झाडाला बांधला आणि वर आणखी दोन गाठी मारल्या. कावेरी दुसरा परकर नेसून बाहेर आली. तो तिला घोट्याच्या बराच वर आला. मी शिंपी. ते मला दिसलं. आणि माझ्या मनात आलं, काय पोरी वाढतात.

घरी पोचल्यावर दोन दिवसांनी गयाबाईंनी मला ओसरीवरून आत बोलावलं. पुढ्यात परकर होता. दार लावून घेतलं होतं. पाटील कोपऱ्यात उभे.

"भाऊ, खरं सांगा. ह्यो कुणाचा?"

मी परकर उलटा केला. खालची दुमड जशीच्या तशी होती. कुठं पट्टा नाही, सुईच्या भोकांची रेघ नाही.

"दगडीचा," मी म्हटलं. "म्हणजे दगडूचा."

गयाबाईंनी माझ्या हातातला परकर ओढून घेतला. "म्हंजी झाडाला कावेरीचा बांधला."

"बांधला तर बांधला," पाटील म्हणाले. "कापड येकच, तागा येकच."

"कापडाचं काय घिऊन बसलात? देवाला काय सांगितलंत तुमी? ज्येचा परकर सुटला ते लेकरू पोरगा झालं, आसं ना? मग कोण झालं पोरगा? कावेरी! आन माजं दगडू? देवाच्या हिशेबी त्ये आजून दगडीच हाय. आन तुमी त्येला कोट घालून घोड्यावर मिरवलं. साऱ्या जत्रंला दावलं. सारी दृष्ट..."

पाटलांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच रक्ताचा काही उपयोग दिसत नव्हता. "मामा, गाठ सोडून आणता यील का?"

"सोडायची नाही असा नवस आहे," मी म्हटलं. "आणि तुम्ही वर दोन जादा मारल्या."

गयाबाईंनी डोळे पुसले. तीन पाळणे रिकामे झालेली बाई होती. तिला वाद घालायचा नव्हता, तिला फक्त चूक राहू द्यायची नव्हती. त्यांनी तिथंच निकाल दिला. पुढच्या शिवरात्रीला बरोबर परकर बांधायचा. तोपर्यंत देवाच्या हिशेबाला धक्का लागता कामा नये. दगडूनं परकर नेसायचा. कावेरीनं कोट घालायचा. आणि पोरगा आहे म्हटल्यावर पोरग्यासारखं दिसून भागत नाही, तर पोरग्याचं सगळं करायचं. उद्यापासून शाळेत.

"माजी पोरगी शाळंत? पोरांत?" पाटील म्हणाले. "गावात काय अब्रू ऱ्हाईल?"

"तीन गेले तवा गावानं काय दिलं?" गयाबाई म्हणाल्या.

पाटील दार उघडून बाहेर गेले. परवानगी द्यायची त्यांची ती पद्धत होती.

कावेरीसाठी मी दोन सदरे आणि दोन चड्ड्या बेतल्या. माप घेताना विचारलं, "काय गं, परकर चुकून गेला का?"

तिनं हात वर केले होते, माप छातीवर होतं. ती छपराकडं बघत म्हणाली, "मामा, खिसे खोल करा. पेन्सल पडती."

मी खोल केले.

ते वर्ष मी जन्मात विसरणार नाही. दगडू परकर नेसून, चकोट डोक्यानं, चुलीपुढं बसलेला असे. त्याच्याइतकं सुखी मूल मी पाहिलं नाही. कोट घातल्यानं जे रक्त जागं होणार होतं, ते घोड्यावर बसण्यापुरतं जागं झालं होतं आणि घोडा गोठ्यात बांधल्यावर परत झोपलं होतं. पाटील ओसरीवरून त्याच्या भाकऱ्या पाहत आणि म्हणत, "येळ लागतो रगताला." मग दोन खात.

शाळेत वेगळीच अडचण. मास्तर एक दिवस माझ्याकडं आले. खालच्या आवाजात म्हणाले, "काल कावेरीनं दौत सांडली. आता हिला मारायचं की नाही? मुलगी म्हणून हात लावता येत नाही, आणि मुलगा म्हणून न मारता सोडली तर बाकीचे म्हणतील आम्हालाही सोडा." मी म्हटलं पाटलांना विचारा. मास्तरांनी विचारलं. पाटलांनी विचार करून उत्तर दिलं, "देवाच्या हिशेबानं मारा. माझ्या हिशेबानं मारू नका." मास्तर त्यानंतर छडी टेबलावर आपटत. हळूहळू सगळ्याच मुलांच्या वेळी टेबलावर आपटायला लागले. टेबलाचं काय झालं ते मला ठाऊक नाही.

कावेरीनं एका वर्षात दोन वर्ग केले. मुलांनी पहिले आठ दिवस तिला चिडवलं. नवव्या दिवशी एकाचा सदरा फाटून माझ्याकडं शिवायला आला, मग कुणी चिडवलं नाही. मी बाजाराला गेलो की ती मला जुन्या वर्तमानपत्रातलं वाचून दाखवी, मोठ्यानं, हात खिशात घालून. विद्यालंकारांनी पाहिली असती तर पुन्हा बीजावर बोलले असते. बीज कुणाचं याची चौकशी मात्र या वेळी आधी केली असती, अशी मला आशा आहे.

पुढच्या शिवरात्रीला पाटलांनी कुणालाही प्रवचनाला बोलावलं नाही. गाडीतून उतरताच गयाबाईंनी परकर माझ्यापुढं धरला. मी दुमड पाहून मान डोलावली, आणि त्यांनी तो स्वतःच्या हातानं झाडाला बांधला. शेजारी वर्षभरापूर्वीचा परकर उन्हापावसानं विटून पांढरा झाला होता. गयाबाई दोन्हींकडं बघत उभ्या राहिल्या. घरी आल्यावर त्यांनी तो पाळणा आपण होऊन उतरवला.

आता देवाच्या हिशेबी सगळं जागच्या जागी आलं. दगडूला कोट मिळाला, आता तो बरोबर बसत होता. कावेरीनं सदरे-चड्ड्या घडी करून आईच्या हाती दिल्या आणि परकर नेसला. तिची शाळा संपली असं सगळ्यांनी धरलं. पण दुसऱ्या दिवशी दगडूला शाळेत पोचवायला निघाले, तर तो दाराच्या चौकटीला मिठी मारून बसला. कावेरी शेजारी बसणार असेल तरच जाईन म्हणाला. पाटलांनी आवाज चढवून पाहिला, रक्ताची आठवण करून दिली, घोडाही दाखवला. घोड्याची गंमत आता गेली होती. शेवटी पाटील कावेरीला म्हणाले, "जा गं बाई. तू बैस त्याच्याजवळ. पोरगा हाय, घाबरतो."

अशी ती परकर नेसून शाळेत जात राहिली. दगडूला हात धरून न्यायची, पहिलीत बसवायची आणि आपल्या वर्गात जायची. मास्तरांनी हरकत घेतली नाही. त्यांच्याकडं पोरांच्या पाट्यांवरचे हिशेब तपासून देणारं दुसरं कुणी नव्हतं. दगडू त्या वर्षी पहिलीत राहिला आणि पुढच्या वर्षीही राहिला. पाटील म्हणाले, येळ लागतो.

चौथी झाल्यावर कावेरीची शाळा सुटली. पुष्कळांनी मला विचारलं, मुलगी होती म्हणून काढली का? तिची ओढच मुळात घराकडं होती का? आईबापांनी वळण लावलं का? मी सगळ्यांना खरं तेच सांगितलं. त्या शाळेत पाचवीचा वर्ग नव्हता.